उसनी भीती

कारखान्यात अपघात होता होता टळला, की ‘नियर मिस’चा फॉर्म भरावा लागतो. त्याचे रकाने लहान असतात. ही हकिकत त्यांत मावत नाही, तरी तिथेच लिहिली आहे.

१. ठिकाण आणि वेळ

शिरोळ रस्त्यावरची एक फाउंड्री. सन २०६१. दिवसाची एकच पाळी, सकाळी सात.

भोंगा वाजला. सहाशे अकरा माणसांनी नाकातोंडावर मास्क चढवले, कानामागे पट्टे ओढून घेतले आणि काम सुरू झालं.

सात वाजून बावीस मिनिटांनी कोअर शॉपमध्ये वाळूच्या साच्यांचा ट्रे नेणारी एक बाई मध्येच थांबली. तिने पायाखाली पाहिलं. फरशीवर तेल सांडलं होतं, तळहाताएवढं. तिने ट्रे खाली ठेवला, चिंधीने तेल पुसलं आणि पुन्हा ट्रे उचलला. नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या शेडमध्ये ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं आणि त्याचं झाकण पक्कं बसलंय का ते हलवून बघितलं. कँटीनमध्ये आचाऱ्याने चहाच्या भांड्याचा दांडा आतल्या बाजूला वळवला.

कोणी कोणाला हाक मारली नव्हती. घंटा झाली नव्हती. हे का केलंत, असं विचारलं असतं तर तिघांनीही एकच उत्तर दिलं असतं. सहज. वाटलं म्हणून.

त्यांना तसं वाटलं, कारण तिथून दीडशे मीटरवर, ओतकाम विभागाच्या छताखाली, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये समृद्धी मगदूमला भीती वाटली होती. खाली लॅडल हुकाला लावली होती. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून नेणारी अवाढव्य बादली. ही अकरा टनांची होती. हुकाची खिट्टी पुरती मिटली नव्हती. बोटभर फट राहिली होती. तीस फुटांवरून ती फट समृद्धीला दिसली.

खाली ओतकाम टोळीचे मुकादम तोडकरमामा मागे वळले. फट त्यांनाही दिसली. त्यांनी खिट्टी ठोकून बसवली आणि वर अंगठा दाखवला.

समृद्धीने श्वास सोडला. सगळ्या कारखान्यात सहाशे अकरा जणांचे खांदे सैल पडले.

२. घटनेपूर्वीची परिस्थिती

पूर्वी इथेही सगळं करून झालं होतं. फाटकावर ‘अपघाताविना दिवस’ असा मोठा फलक होता आणि त्यावरचा आकडा रोज बदलायचा. शंभर दिवस भरले की प्रत्येक कामगाराला प्रेशर कुकर. त्र्याण्णवाव्या दिवशी तोडकरमामांच्या पायावर लोखंडाचं ओतीव कास्टिंग पडलं आणि अंगठा मोडला. मामा गप्प बसले. सहाशे घरांत कुकरची वाट बघत होते. मोडका अंगठा बुटात कोंबून त्यांनी सात दिवस काम केलं. कुकर मिळाला. तो अजून त्यांच्या घरी आहे. “शिट्टी झाली की अंगठा ठणकतोय,” असं ते सांगतात.

म्हणजे अपघात कमी झाले नव्हते, फक्त लपले होते.

मग कॅमेरे आले. तुळईतुळईवर डोळे बसले. कोणी जरा चुकला की घंटा. एका पाळीत चारशे घंटा व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात घंटेला कोणी मानही वर करेनासं झालं. यंत्राला धोका दिसत होता, पण यंत्र घाबरत नव्हतं, आणि जो स्वतः घाबरलेला नाही त्याचं माणूस ऐकत नाही.

हे डॉ. यास्मिन मुजावर यांनी ओळखलं. मेंदू आणि गंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी समृद्धीला आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं.

“मगदूम अक्का, एखाद्या घरात पाऊल टाकल्याबरोबर तुम्हाला कधी कळलंय का, की इथे आत्ताच काहीतरी बिनसलंय?”

“भांडण झालं असलं की कळतंच की. कितीबी हसून या या म्हणू देत.”

“कशानं कळतं?”

“तोंडावरनं.”

“थोडं तोंडावरून. थोडं नाकातून. घाबरलेल्या माणसाच्या घामात काही वेगळी द्रव्यं असतात. त्यांचा वास असा येत नाही. पण ती दुसऱ्याच्या नाकात गेली की त्याचे डोळे जरा विस्फारतात, हात सावध होतात. त्याचं त्याला कळतही नाही. माणसं टोळ्या करून राहायची तेव्हापासूनचं आहे हे. एक घाबरला की सगळे सावध. मी फक्त ते लांबवर पोचवणार आहे.”

समृद्धीने नाक मुरडलं. “शी. म्हणजे माझा घाम सगळ्यांच्या नाकात?”

डॉक्टर मोठ्याने हसल्या. “घाम नव्हे हो, त्याची नक्कल. तुमच्या गळ्यात एक पट्टी असेल. घामातली सहा द्रव्यं किती आहेत ते ती मोजेल. प्रत्येकाच्या मास्कमध्ये त्याच सहा द्रव्यांची कुपी असेल. पापणी लवायच्या आत तेच मिश्रण तिथे तयार होईल. आम्ही त्याला भयगंध म्हणतो.”

“मग पट्टी सगळ्यांच्याच गळ्यात घाला की. मीच का?”

“घालून बघितली. एक जण बायकोचा फोन आला की घाबरतो. एक जण साहेब दिसले की. सगळ्यांच्या भीतीची नुसती भेळ झाली. आणि तोडकरमामा तीस वर्षं भट्टीशेजारी काढून आता कशालाच घाबरत नाहीत. मला असं माणूस हवं होतं, ज्याची भीती खरी असते आणि वेळेवर येते. सहाशे बारा जणांत तुमची निघाली. काही व्हायच्या पावणेदोन सेकंद आधी.”

“मी कशाला भ्यालो, हे त्यांना कळतंय काय?” कोल्हापूरकडच्या बायकांसारखी समृद्धी स्वतःबद्दल ‘करतो, जातो’ असंच बोलायची.

“नाही. भीती पोचते, तिचा पत्ता पोचत नाही. म्हणून तर प्रत्येक जण स्वतःच्या हाताकडे बघतो, स्वतःच्या पायाखाली बघतो. आणि बघितलं की काहीतरी सापडतंच.”

अशा माणसाला ‘उगम’ म्हणायचं ठरलं. उगमाच्या स्वतःच्या मास्कमध्ये कुपी नसते. असती, तर स्वतःचीच भीती नाकात येऊन ती वाढत गेली असती, माइक स्पीकरसमोर धरल्यावर किंचाळतो तशी.

नऊ वर्षांत कारखान्यात कोणाच्या बोटाला टाका पडला नाही. फलक उतरवला गेला. जपानहून, ब्राझीलहून पाहुणे यायचे. ते ह्या प्रकाराला सुरक्षेची संस्कृती म्हणायचे. कामगार म्हणायचे, “अक्का हायत वर.”

३. संबंधित व्यक्ती

समृद्धी मगदूम, वय सत्तेचाळीस. नवरा मिरजेला रेल्वेत. मुलगी जुई, वय बावीस, नुकताच क्रेन चालवण्याचा कोर्स केलेली.

उगमाने काय करायचं नाही, ह्याचे नियम होते. मन शांत करणारी कुठलीही गोळी घ्यायची नाही. प्राणायाम नाही. दर जानेवारीत कारखान्यात ध्यानधारणेचं शिबिर भरे. त्या दिवशी समृद्धीला भरपगारी सुट्टी असे.

भीती काही पाळी सुटल्यावर केबिनमध्ये ठेवून येता येत नाही. घरी ती गॅसची कळ तीनदा बघायची. जुई कांदा चिरायला बसली की समोर बसून राहायची. जिना चढताना मुलीच्या मागे एक पायरी, हात अर्धवट उचललेला. जुई लहानपणी खेळताना पुढे जायच्या आधी आईचा चेहरा बघायची. चेहरा आवळला की थांबायचं, सैल झाला की पळायचं. तिला रस्ता तेवढाच माहीत होता.

आता समृद्धीची छाती उगीच धडधडायची. ताटातला घास हातात राहायचा. मला सोडा, असा अर्ज तिने तीनदा दिला होता.

“दुसरा उगम सापडू दे,” डॉक्टर म्हणायच्या. “दरवर्षी सगळ्यांना तपासते आहे, अक्का. कोणी मिळत नाही.” हे खरंच होतं. आणि ते सांगताना त्या समृद्धीच्या डोळ्यांकडे बघत नसत, हेही खरं होतं.

४. नेमकं काय घडलं

भीती झिजते. तेच दृश्य हजारदा बघितलं की दचका लहान होत जातो. सातव्या वर्षी समृद्धीचा आलेख उतरू लागला होता. मग तो आपोआप सावरला. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी फार चौकशी केली नाही.

त्याचं कारण समृद्धीला कळलं ते दोन वर्षांनी, जेवणाच्या सुट्टीत. ओतकामाची टोळी कँटीनच्या कोपऱ्यात बसली होती. तोडकरमामांनी हेल्मेट उलटं धरलं होतं आणि एकेक जण त्यातून चिठ्ठी उचलत होता. समृद्धी ताट घेऊन मागून आली.

“भिशी काय ओ मामा? मलाबी घ्या की.”

सगळे दचकले. एक चिठ्ठी खाली पडली. समृद्धीने ती उचलली. ‘बुधवार. लॅडल जाताना तोंडावरची काच वर करणे.’ तिने मामांच्या हातातली दुसरी ओढून घेतली. ‘शुक्रवार. साखळीखालून जाणे, सावकाश.’

“हे काय?”

सगळ्यांनी ताटं पुढे ओढली.

“मामा, हे काय हाय?”

“जागवण,” तोडकरमामा म्हणाले. नजर ताटात. “तुमची भीती कमी व्हायला लागलीया, असं ऑफिसातनं कानावर आलं. म्हटलं, आक्का निवांत झाल्या तर आपलं काय? मग ठरवलं. रोज एकानं तुमच्या नजरंसमोर जरा चुकायचं. पाळीपाळीनं. कुणावर सक्ती न्हाई.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं झाली बघा दिवाळीत.”

“अवो, त्यात कोण मेला असता म्हणजे?”

“मरतोय कशानं? तुमी हायसा की वर.” मामांना हे इतकं उघड वाटत होतं, की ते हसले. “आमी चुकलो की तुमी भ्याणार. तुमी भ्यालासा की आमी सावध. कधी चुकलं न्हाई.”

समृद्धीला रागवायचं होतं. पण चिठ्ठ्यांवरची अक्षरं बघून तिला रागावता येईना. कोणीतरी ‘सावकाश’ शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या, अक्काला फार त्रास होऊ नये म्हणून. सुरक्षित राहण्यासाठी ही माणसं रोज एकदा मुद्दाम धोक्यात जात होती. आणि ते प्रेमाने करत होती.

“आजपासनं बंद,” ती म्हणाली.

“बरं,” मामा म्हणाले.

बंद झालंही. पण आता ते तिला माहीत होतं, आणि माहीत झालेली गोष्ट परत देता येत नाही.

सोळा दिवसांनी, गुरुवारी, नव्याने अस्तर लावलेली लॅडल भट्टीखाली आणली गेली. लॅडलच्या आत मातीचं अस्तर असतं. ते शेगडीवर तासन्‌तास कोरडं करावं लागतं. ओल राहिली आणि वर लोखंड ओतलं, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड तोफेसारखं बाहेर फेकलं जातं. त्या दिवशी शेगडी मध्येच विझली होती. शेगडीवरच्या माणसांनी ते पाहिलं नव्हतं. भयगंध आला नव्हता, म्हणजे सगळं ठीकच असणार.

धार सुरू झाली. समृद्धीला केबिनमधून लॅडलच्या काठाशी पांढरी वाफ दिसली, दोऱ्याएवढी बारीक. शेजारी तोडकरमामा वाकून उभे होते.

तिच्या मनात आलं, मामांनी पुन्हा सुरू केलं वाटतं.

ती चक्क हसली.

सहाशे अकरा मास्कमध्ये स्वच्छ हवा होती. मामांचं हेल्मेट खाली पडलं. ते पाच पावलं मागे घरंगळत गेलं. मामा हेल्मेट घ्यायला वळले, आणि ते उभे होते त्या जागेवर पांढरंशुभ्र लोखंड येऊन आदळलं.

५. कोणाला इजा झाली काय?

नाही.

६. मूळ कारण

डॉक्टरांनी आलेख समृद्धीसमोर ठेवला. वाफ दिसली तिथे रेघ सरळ होती. स्फोटानंतर ती डोंगरासारखी चढली होती.

“चार सेकंद उशिरा,” समृद्धी म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, नाटक करायल्यात.”

“भीतीलाही विश्वास लागतो, अक्का. समोरचं दिसतंय ते खरं आहे, असा. तो गेला. आता तुम्ही काहीही बघितलंत तरी आधी मनात प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नात सगळा वेळ जाणार.” डॉक्टरांनी गळपट्टी काढायला हात पुढे केला. पट्टीखाली मानेवर फिकट वळ पडला होता. “तुमचा अर्ज मंजूर. मी आधीच करायला हवा होता.”

समृद्धी घरी गेली. गोळ्या सुरू झाल्या. ती भर दुपारी झोपायची, दार उघडं टाकून. जुईने कांदा चिरला आणि आई पेपर वाचत राहिली. जुई तीनदा मागे वळून बघत होती.

कारखान्यात मात्र एक गोष्ट उघडी पडली. ती डॉक्टरांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. नऊ वर्षांत माणसांना सावध राहायची सवय लागलीच नव्हती. सावध केलं जाण्याची लागली होती. तेलावर पाय पडला, तर तेल दिसायच्या आधी ती मास्कची वाट बघायची. मास्कमधून काही येत नव्हतं, आणि काही न येणं ह्याचा अर्थ त्यांच्या शरीरांना एकच ठाऊक होता: पुढे जा.

तीन आठवड्यांत अकरा अपघात झाले. अकरावे तोडकरमामा. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला.

७. उपाययोजना

ह्या वेळी डॉक्टरांनी कामगारांच्या घरच्यांनाही तपासणीला बोलावलं. जुई आईला न सांगता गेली. पहिल्या चाचणीत ती साफ नापास झाली. पडद्यावर माणसं शिडीवरून घसरत होती, आणि तिची रेघ हलत नव्हती. तेवढ्यात तिला शोधत समृद्धी तिथे पोचली. काचेपलीकडे बल्ब बदलायला कोणीतरी स्टूल ठेवलं होतं. मुलगी दिसावी म्हणून ती त्याच्यावर चढली. स्टुलाचा एक पाय डगमगत होता.

रेघ उसळली. स्टूल कलायच्या सव्वादोन सेकंद आधी.

डॉक्टरांनी दोघींना समोरासमोर बसवलं.

“इतकी अचूक भीती मी बघितलेली नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचीही एवढी नव्हती. पण ती फक्त तुमच्याबद्दल आहे, अक्का. जुई तुमचा चेहरा बघत वाढली. बाकीच्या माणसांचं तिला काही वाटत नाही.”

“वाटतंय की,” जुई म्हणाली. तीही आईसारखीच स्वतःबद्दल ‘करतो, जातो’ असंच बोलायची. “पण तेवढं नाही वाटत. खोटं कशाला बोलू?”

“म्हणजे तुमचं म्हणणं काय?” समृद्धीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “जुई केबिनमध्ये. क्रेन तिच्याकडे. आणि तुम्ही खाली, ओतकामाच्या टोळीत.”

“माझ्या डोक्यावरनं ही लोखंड नेणार.”

“हो.”

“आणि भिणार.”

“हो. आणि म्हणून तुम्हाला काही होणार नाही. कोणालाच होणार नाही.”

“आई, कायमची नोकरी आहे,” जुई म्हणाली. “आणि कोर्स काय भिंतीवर लावायला केला काय मी?”

“तुला माहीत आहे काय असतंय ते?”

“तुझ्यासंगंच ऱ्हायलोय की बावीस वर्षं.”

समृद्धी डॉक्टरांकडे वळली. ती म्हणाली, “मी न्हाई म्हटलो तर?”

“तर नाही. मी पुन्हा विचारणार नाही.”

ती तिथून तडक दवाखान्यात गेली. तोडकरमामा उशीला टेकून बसले होते, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत.

“या आक्का. गुटगुटीत दिसायला लागलासा की. गोळ्या मानवल्या.”

“मामा, जुईला घ्यायचं म्हणत्यात. वर. आणि मला खाली.”

मामांचं हसू गेलं. “नगा. पोरीला नगा अडकवू त्यात. आमी बघून करू. तुमी येण्याआधी काय कामं होत न्हवती काय?”

“होत होती की. अंगठा मोडून.”

“मोडंना का. आमचा अंगठा हाय.”

बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला पिऊन स्टुलावर ठेवला. न बघता. पेला अर्धा कडेबाहेर राहिला. समृद्धीने तो पडायच्या आधी धरला. मामा बोलतच होते; पेला कुठे ठेवला, कोणी धरला, त्यांच्या ध्यानात आलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी पाणी पिण्यासाठी हात पुन्हा रिकाम्या कडेकडे नेला आणि हवेत बोटं मिटली.

घरी आल्यावर समृद्धीने जुईला विचारलं, “सोमवारी किती वाजता उठवू?”

८. अंमलबजावणी

सोमवारी सातला भोंगा झाला. तोडकरमामांचा मास्क समृद्धीला देण्यात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मास्कमध्ये कुपी होती. कुपीचा मास्क घालणारी माणसं पुन्हा सहाशे अकराच भरली.

जुई शिडी चढून केबिनमध्ये गेली. तिच्या गळ्यात पट्टी होती, जुनीच, एक भोक आत घेऊन आवळलेली. समृद्धीने सकाळची गोळी घेतली होती. आता तिला बंदी नव्हती. मन तळ्यातल्या पाण्यासारखं स्थिर होतं. टोळीतल्या माणसांबरोबर ती जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे उभी राहिली. लॅडल डोक्यावरून जाईपर्यंत रेघ ओलांडायची नसते.

लॅडल भरली. केशरी उजेड छतावर चढला. क्रेन हलली.

समृद्धीने मान वर केली. काचेमागे जुईचा चेहरा होता, लहानसा.

आणि मग ते आलं.

वास नव्हता. चवही नव्हती. फक्त समृद्धीचे डोळे जरासे उघडले आणि तिचा हात आपोआप पोटाकडे गेला. चामड्याच्या ॲप्रनचा बंद सुटला होता. तिने तो बांधला, गाठ ओढून बघितली. शेजारच्या माणसाने तोंडावरची काच खाली ओढली. पलीकडे कोणीतरी ग्राइंडर थांबवला.

एवढंच?

तिला वाटलं होतं, ओळखू येईल. पोटची पोर आहे. त्या भीतीत कुठेतरी जुई असेल, तिचा आवाज, तिची अबोल रुसण्याची तऱ्हा, काहीतरी. समृद्धीने डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला, शोधत. तिथे कोणी नव्हतं. स्वतःची बोटं होती, चामड्याचा बंद होता, गाठ होती.

पण बरं वाटत होतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गर्दीत कोणीतरी मागून झंपराला घट्ट धरून ठेवावं, तसं वाटत होतं. आपल्याला काही होणार नाही. आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे, सगळं सोडून फक्त आपल्याकडे. नऊ वर्षं हे सहाशे अकरा जणांना रोज मिळत होतं, फक्त तिला सोडून. त्यांनी चिठ्ठ्या का काढल्या, ते तिला आत्ता कळलं.

भयगंध ओसरू लागला. लॅडल अजून दूर होती.

समृद्धीला तो आणखी हवा होता. एकच श्वास.

केबिनमध्ये जुईचे दोन्ही हात लिव्हरवरून सुटले. क्रेन जागीच थबकली. साऱ्या कारखान्यात, कोअर शॉपमध्ये, शेडमध्ये, कँटीनमध्ये, माणसं काम थांबवून आपापल्या पायाखाली बघू लागली.

समृद्धीनेही पाहिलं. पिवळी रेघ तिच्या टाचेच्या मागे होती.